यंत्र का उठत नाही?

यंत्र बंद पडले की आपण कारागिराला बोलावतो. इतिहास सांगणाऱ्याला बोलावण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ते योग्यच आहे. जळलेली तार इतिहासाने सांधली जात नाही. परंतु यंत्र का उठत नाही या प्रश्नाला जसे तंत्राचे उत्तर असते तसे इतिहासाचेही एक उत्तर असते, आणि दुसऱ्यावाचून पहिले पुष्कळदा अपुरे राहते, असे आमचे मत आहे. ते मत या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे ठेवावे एवढ्यासाठी आम्ही हा विषय घेतला. आम्ही इंजिनियर नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत सुरू झाले आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर अजून चालू आहे. पण टेलिफोन, केबल आणि इंटरनेट या धंद्यांतील माणसांची गाऱ्हाणी ऐकण्यात आमची पंचवीस-तीस वर्षे गेली, आणि माणसाचे गाऱ्हाणे समजून घ्यायचे तर आधी त्याचे काम समजून घ्यावे लागते.

विषय दिसायला लहान आहे. अंधेरीला, बोरिवलीला, मुलुंडला किंवा घाटकोपरला आज घरोघर भिंतीवर एक लहानसा डबा लटकलेला असतो. मुलांचा अभ्यास, कचेरीचे काम, बँकेचा व्यवहार, परगावच्या आईशी बोलणे, सारे त्या डब्यातून चालते. एखाद्या सकाळी तो उठत नाही. दिवा लागत नाही. किंवा लागतो, विझतो आणि पुन्हा लागतो. घरातला प्रत्येक जण आपापल्या परीने इलाज करतो. कोणी वायर हलवतो, कोणी डब्याला थापटी मारतो. कंपनीला फोन करावा तर तिकडून एकच मंत्र मिळतो: बंद करून पुन्हा चालू करा. मग माणूस येतो आणि डबाच बदलून जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार पुष्कळदा असतो. कारण संदेशाचे यंत्र मुके झाले म्हणजे पहिली चौकशी त्याच्या विजेची करावी, हा या धंद्यातला फार जुना नियम आहे. तो नियम कोणी घडवला, कोणी पाळला आणि आज तो का विसरला जात आहे, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

टेलिफोनचा शोध बेलने १८७६ साली लावला. त्यानंतर सहाच वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन एक्सचेंजे सुरू झाली. मुंबईचे टेलिफोन पुढे साठ वर्षे खाजगी कंपनीकडे होते. १९४३ साली सरकारने ते विकत घेतले. अगदी आरंभीच्या पद्धतीत प्रत्येक ग्राहकाच्या घरी त्याची स्वतःची वीज असे. भिंतीवरच्या लाकडी पेटीत एकदोन विद्युत्-घट ठेवलेले असत. काचेच्या बरणीत नवसागराचे पाणी, त्यात जस्ताची कांडी आणि कोळशाची पट्टी, एवढाच त्या घटाचा संसार. बोलणे पलीकडे जाई ते या घटांच्या बळावर. घंटा मात्र पेटीच्या बाजूचा दांडा फिरवून, हाताने निर्माण केलेल्या विजेवर वाजे.

या रचनेतच दोष शोधण्याची पहिली रीत जन्माला आली. दांडा फिरवला आणि एक्सचेंजात घंटा वाजली, पण बोलणे पोचले नाही, तर तार शाबूत आहे आणि दोष पेटीतल्या घटांत आहे. दोन्ही होत नसेल, तर तार पाहावी. ही रीत इतकी सोपी आहे की तिचे महत्त्व चटकन ध्यानात येत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचे दोन भाग पाडावे, कोणता भाग चालतो ते आधी ठरवावे, आणि मग उरलेल्याकडे वळावे. आजचा कुशल कारागीरही याहून वेगळे काही करीत नाही.

परंतु या पद्धतीत एक मोठी गैरसोय होती. घरोघरचे नवसागराचे पाणी वाळे, जस्त झिजून जाई, आणि कंपनीच्या माणसाला दारोदार हिंडून बरण्या भराव्या लागत. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर मध्यवर्ती बॅटरीची पद्धत आली. घरची बरणी गेली. वीज एक्सचेंजात एका खोलीत ठेवली गेली आणि बोलण्याच्या त्याच दोन तारांवरून ती घरोघर जाऊ लागली. टेलिफोनच्या इतिहासातली ही घटना आम्हाला फार मोठी वाटते. विजेची जागा बदलली, तिच्याबरोबर जबाबदारीचीही जागा बदलली. यंत्र उठले नाही तर ग्राहकाने काय करावे? काही नाही. शेजाऱ्याच्या फोनवरून तक्रार नोंदवावी आणि वाट पाहावी. वीज एक्सचेंजची, म्हणून दोषही एक्सचेंजचा.

ही बॅटरी खोली आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. शिशाच्या पत्र्यांचे आणि गंधकाम्लाचे २४ मोठे घट, प्रत्येकी सुमारे २ व्होल्टचे, एकापुढे एक जोडलेले. मिळून ४८ व्होल्ट. शहराची वीज रात्रंदिवस या घटांना भरीत राहते आणि ते एक्सचेंजला पोशीत राहतात. शहराची वीज गेली तरी एक्सचेंजला त्याचा पत्ता लागत नाही, कारण घट मध्ये उभे असतात. घट भरताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून खोली हवेशीर हवी आणि विडीकाडीला सक्त मनाई. एका पाळीला एक माणूस. त्याने ठरलेल्या वेळी अम्लाची घनता पाहायची, ऊर्ध्वपातित पाणी घालायचे, व्होल्ट मोजायचे आणि वहीत लिहायचे. अम्लाने कपड्यांना भोके पडत, डोळे चुरचुरत. जिच्यावर सारे शहर बोलत होते ती वही हा माणूस लिहीत होता, आणि त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

या बॅटरीतली एक गोष्ट तर ऐकण्याजोगी आहे. साधारणपणे ऋण टोक जमिनीला जोडावे अशी आपली समजूत असते. टेलिफोनमध्ये उलट केले गेले: धन टोक जमिनीला आणि ऋण टोक तारेला. कारण असे की ओलाव्यातून वीज गळू लागली म्हणजे धन बाजूचा धातू झिजतो. तार ऋण ठेवली तर गळती झाली तरी तांबे वाचते. आमच्या उपनगरांत चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा. तेथे या एका युक्तीने किती तांबे वाचवले असेल याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आजही मोबाइलच्या मनोऱ्याखाली जी बॅटरी असते ती याच उलट्या जोडणीची, ४८ व्होल्टची असते. शंभर वर्षांत यंत्रे पार बदलली, पण हा नियम टिकला.

फोन उचलला की कानात येणारा तो संथ सूरही याच व्यवस्थेचा भाग होता. रिसीव्हर उचलताच मंडल पुरे होते, तारेतून प्रवाह वाहू लागतो, एक्सचेंजला ती हाक कळते आणि ते सूर पाठवते. म्हणजे तो सूर ऐकू आला की तीन गोष्टी सिद्ध झाल्या: वीज आहे, तार आहे, आणि पलीकडचे यंत्र जागे आहे. वैद्याने नाडीवर बोट ठेवावे तसे कारागिराने कान ठेवावा. सूर नसेल तर तक्रार १९८ या क्रमांकावर जाई, आणि तपासणीच्या मेजावर बसलेला माणूस जागेवरूनच तार मोजून सांगे की दोष खांबावर आहे, जमिनीतल्या केबलमध्ये आहे की ग्राहकाच्या घरात. लाइनमन बाहेर पडायचा तो उत्तराचा अर्धा भाग खिशात घेऊन. डबा बदलून पाहू, असे म्हणण्याची सोय त्याला नव्हती आणि गरजही नव्हती.

आता उपनगरांकडे वळू. आपली उपनगरे विजेच्या आणि रुळांच्या पाठोपाठ वाढली. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज १९१५ साली मुंबईस आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली, आणि १९२८ साली विजेच्या गाड्या बोरिवलीपर्यंत गेल्या. १९२९ साली उपनगरांना वीज पुरवणारी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली. तिची मालकी पुढे दोनदा बदलली. मुलुंड-भांडुपला मात्र राज्याच्या वीज मंडळाची आणि आता महावितरणची वीज आहे. १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आला. तेव्हापासून शेते जाऊन चाळी, चाळी जाऊन सोसायट्या, आणि त्यांच्या मागोमाग खोदलेल्या रस्त्यांतून टेलिफोनची केबल, असा क्रम चालू राहिला. फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

या भूमीत विजेच्या दोषांना तोटा नव्हता. त्या गाड्या १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत, आणि हा प्रवाह परत जाई तो रुळांतून. त्यातला काही भाग रूळ सोडून जमिनीत शिरतो आणि जवळ पुरलेली शिशाच्या वेष्टणाची केबल सापडली की तिच्यातून वाट काढतो. जेथून तो बाहेर पडतो तेथे शिसे खाल्ले जाते. अशा बारीक छिद्रातून पावसाचे पाणी आत गेले की कागदाचे आवरण भिजते आणि शेकडो फोन एकदम मुके होतात. रूळ आणि केबल ज्या शहरात शेजारी नांदतात तेथे हा रोग ओळखीचाच असतो. मूळ रुळांत आणि दुखणे टेलिफोनला, हे केबल जोडणाऱ्या जॉइंटरला अनुभवाने ठाऊक असे. पुढे गाड्याच २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर आल्या. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ साली आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ साली पुरे झाले.

येथवर आपण वीज जाण्याची गोष्ट केली; यंत्र उठण्याची केली नाही. त्याचे कारण आहे. जुने स्वयंचलित एक्सचेंज कधी निजतच नसे, मग ते उठणार कसे? अमेरिकेतील स्ट्रोजर नावाच्या, अंत्यसंस्काराचा धंदा करणाऱ्या गृहस्थाने १८९१ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले ते लोखंडी बोटांचे यंत्र होते. आपण आकडा फिरवला की बोट तितक्या पायऱ्या चढे. त्याच्या पोटात स्मृती नव्हती. वीज आली की ते तयार. बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या कारखान्यात, जो १९४८ साली निघाला, अशी यंत्रे देशासाठी वर्षानुवर्षे तयार होत होती.

१९८०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजे आली आणि उठणे हा एक वेगळाच विषय झाला. १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई-दिल्लीच्या टेलिफोनांसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले तो हाच काळ. या नव्या यंत्रात आज्ञांची एक भली मोठी यादी असते. वीज आल्यावर यंत्र प्रथम स्वतःला तपासते, मग ती यादी वाचून स्मृतीत घेते, मग शेजारच्या यंत्रांशी ओळख करून घेते, आणि नंतरच कामाला लागते. झोपेतून उठलेला माणूस डोळे चोळतो, मी कोठे आहे हे आठवतो, तोंड धुतो आणि मग पाळीवर जातो, तसे हे आहे. यांतल्या कोणत्याही पायरीवर ते अडकू शकते. वीज आहे, दिवे लागले आहेत, तरी यंत्र मुकेच, ही स्थिती जुन्या माणसांना नवी होती. आणखी एक अडचण आली ती उष्णतेची. बॅटरी यंत्राला पोशीत होती, पण वातानुकूलनाला नाही. शहराची वीज गेली की खोली तापे आणि बॅटरी भरलेली असतानाही यंत्र धोक्यात येई. म्हणून १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण एक्सचेंज तयार केले ते वातानुकूलनावाचून चालेल असे केले. त्यांतले पहिले १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे उभे राहिले. आपल्या हवेला आणि आपल्या वीजपुरवठ्याला शोभेल असे यंत्र करावे, ही दृष्टी त्यामागे होती.

संगणकाच्या जाळ्याचा आरंभही आपल्या उपनगरांत झाला याचा आपल्याला अभिमान वाटावा. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या प्रकल्पात पवईची आयआयटी आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या दोन्ही संस्था होत्या. त्या दशकाच्या अखेरीस परदेशाशी होणारी ई-पत्रांची देवघेव जुहूहून होत असे. तेथील प्रमुख श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ साली इंटरनेटच्या जागतिक सन्मान-मंडळात समावेश झाला. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. टेलिफोनच्याच तारेला एक मोडेम लावायचा आणि त्याची किरकिर ऐकत बसायचे. पण येथे एक बदल गुपचूप झाला. फोनची वीज एक्सचेंजची होती. मोडेमची वीज घरच्या भिंतीतली होती.

त्याच सुमारास केबलवाला आला. त्याने गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर वायर ओढली आणि आधी टीव्हीच्या वाहिन्या व नंतर इंटरनेट घरोघर नेले. त्याच्या स्विचला एक पत्र्याची पेटी पुरे आणि वीज जिन्याच्या दिव्यांच्या मीटरवरची. आता काचतंतूची केबल आली आहे. ती तांब्याहून पुष्कळ सरस, पण काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून तिच्या टोकाच्या डब्याला घरची वीज लागते. एकंदरीत चाक पुरे फिरून आपण १८८२ साली आलो. प्रत्येक घरी पुन्हा आपली बरणी आहे. तिला आता ॲडाप्टर म्हणतात एवढेच. फरक असा की त्या काळी बरणी भरायला कंपनीचा माणूस येत असे. आज तो ग्राहकाच्या माथी आहे.

ही तात्त्विक गोष्ट नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरे पाण्याखाली गेली, शेकडो माणसे दगावली. पाण्यात विजेचा धक्का बसू नये म्हणून उपनगरांतल्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. मोबाइलच्या मनोऱ्यांखालच्या बॅटऱ्या काही तास चालल्या. मग डिझेलवरची जनित्रे चालवायची तर डिझेल नेणार कसे, आणि कित्येक ठिकाणी जनित्रच पाण्यात. जमिनीतल्या केबलींच्या सांध्यांत पाणी शिरून पुष्कळ लँडलाइनही गेल्या. त्या रात्री आपला माणूस कोठे आहे हे लाखो घरांना कळले नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईचा विजेचा मोठा पुरवठाच कोसळला. कळव्याकडच्या अतिउच्च दाबाच्या वाहिन्या एकामागून एक निकामी झाल्या. लोकल थांबल्या. करोनाचे दिवस होते. कचेऱ्या, शाळा, परीक्षा सारे घरच्या डब्यावर चालले होते. उपनगरांतल्या काही भागांत वीज यायला संध्याकाळ झाली. डबा चांगला, काचतंतू चांगला, कंपनीचे केंद्र चांगले. फक्त भिंतीतली वीज नाही, म्हणून सारे मुके. १९५५ सालच्या फोनला त्या दिवशी सूर आला असता.

आता दोष शोधण्याच्या आजच्या रीतीकडे येऊ. जाणता कारागीर आजही आधी वीजच पाहतो, पण तो एक पाऊल पुढे जातो. ॲडाप्टर नुसताच मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो. डब्याला जोडून, डबा काम करू लागला असताना मोजला म्हणजे नऊवर येतो. आतले धारक, ज्यांना सारे कपॅसिटर म्हणतात, ते उष्णतेने वाळलेले असतात. म्हणून डबा उठू लागतो, उठताना त्याला अधिक बळ लागते, ते मिळत नाही, तो पडतो, आणि पुन्हा उठू लागतो. पाहणाऱ्याला वाटते डबा बिघडला. मनोऱ्याखालच्या बंद बॅटरीचेही तसेच. देखभाल नको अशी तिची जाहिरात असते. भरताना ती ५४ व्होल्ट दाखवते; शहराची वीज गेली आणि खरा भार आला की काही मिनिटांत बसते. भार टाकल्यावाचून बळ कळत नाही, हा या विद्येचा पहिला धडा. आम्हाला तो संघटनेच्या कामातही उपयोगी पडला आहे.

दुसरा धडा असा की बंद करून पुन्हा चालू करणे हा नेहमीच निरुपद्रवी इलाज नसतो. सिस्को या जाळ्याची यंत्रे करणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०१७ साली स्वतःच जाहीर केले की तिच्या काही यंत्रांतला ठोके देणारा एक भाग सुमारे दीड वर्षाच्या वापरानंतर निकामी होऊ शकतो आणि मग यंत्र पुन्हा उठत नाही. २०१४ सालीही तिने स्मृतीच्या काही तुकड्यांविषयी असेच सांगितले होते. यंत्र चालू आहे तोवर चालते, एकदा बंद केले की उठत नाही. अशा यंत्राला ठरलेल्या मंत्राने बरे करू जाणे म्हणजे रोग्याला औषधाऐवजी निरोप देणे होय. कळ दाबण्यापूर्वी दिवे कोणते लागले, कोणत्या पायरीवर थांबले, हे पाहून लिहून ठेवावे. यंत्र जे सांगते ते प्रथम ऐकावे.

लिहून ठेवण्याचे महत्त्व सांगणारे एक प्रकरण आमच्याकडे आले होते. घाटकोपरच्या एका इमारतीत इंटरनेट दिवसातून दोनदा, पाचदहा मिनिटे जाई. कंत्राटावरच्या तरुण कारागिराने तीन वेळा स्विच बदलला. कंपनीने (नाव सांगण्याचे कारण नाही) तिन्ही परत आलेले स्विच तपासले, त्यांत दोष नाही असे ठरवले, आणि त्या मुलाच्या पगारातून पैसे कापले. तो आमच्याकडे रडकुंडीला येऊन बसला. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांचे आयुष्य एक्सचेंजच्या बॅटरी खोलीत गेले होते. ते म्हणाले, "पोरा, यंत्र राहू दे. वही घे." चार दिवस त्या मुलाने इंटरनेट जाण्याच्या वेळा लिहिल्या. पाचव्या दिवशी ते स्वतः जाऊन वॉचमनशी बोलले. पालिकेच्या पाण्याची वेळ झाली की वॉचमन पंप चालू करी. पंपाची मोटर सुरू होताना जोराचा प्रवाह ओढी, जिन्याच्या मीटरवरचा एक सांधा सैल होता, दाब क्षणभर खाली येई, आणि पेटीतला थकलेला ॲडाप्टर तो झटका सोसू शकत नसे. प्रत्येक वेळी स्विच नवा आला, ॲडाप्टर जुनाच राहिला. वीस रुपयांची वही आणि सांधा आवळणारा एक वायरमन, एवढ्यात दुखणे बरे झाले. ती वही पुढे ठेवल्यावर कापलेले पैसेही परत मिळाले.

या प्रकरणात दोन पिढ्या भेटल्या, आणि अशा भेटी आता दुर्मीळ होत जाणार आहेत. ३१ जानेवारी २०२० रोजी महानगर टेलिफोन निगमचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले. निगम कर्जात होते, काळ बदलला होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या दिवशी इमारतींतून जी माणसे गेली त्यांच्याबरोबर कोणते ज्ञान गेले याची यादी कोणी केली नाही. त्यांच्या जागी ज्यांच्या खांद्यावर आज हे जाळे आहे ते पुष्कळसे कंत्राटी तरुण आहेत. मोटारसायकलवरून दिवसभर तक्रारी मिटवत हिंडणारे. तक्रार किती वेळात मिटली यावर त्यांचे मोल ठरते, ती पुन्हा का आली यावर नाही. दोष शोधायला वेळ लागतो. डबा बदलायला लागत नाही. मग तो डबा बदलतो यात त्याचा दोष कोणता? देखभाल नको अशी बॅटरी आणि देखभाल करणारा नको असा कारभार, ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

जुने दिवस सोन्याचे होते असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. त्या दिवसांत फोनसाठी वर्षे मोजावी लागत, आणि बॅटरी खोलीतल्या माणसाची छाती अम्लाने पोळत असे. आजचा डबा गरिबाच्या घरीही पोचला, ही लहान गोष्ट नव्हे. परत जावे असे नाही. सोडून आलेली एक वस्तू उचलून आणावी, इतकेच. नवे तंत्रही तेच सुचवीत आहे. २००३ साली जाळ्याच्या केबलीतूनच यंत्राला वीज देण्याचा एक जागतिक नियम ठरला. त्या केबलीत वीज किती व्होल्टची असावी? पुन्हा तीच, ४८च्या आसपासची. आणि ती देण्यापूर्वी देणारे यंत्र पलीकडे हक्काचा पाहुणा आहे की नाही हे तपासते, जसे जुने एक्सचेंज तारेवरची हाक ओळखत असे. म्हणजे वीज एका जागी राखावी, तिला बॅटरीचा आधार द्यावा आणि तेथून सर्वांना पुरवावी, हा बॅटरी खोलीचा विचार मेलेला नाही. तो इमारतीइतका लहान होऊन परत आला आहे.

म्हणून सोसायट्यांच्या कार्यकारिणीवर बसणाऱ्या श्रोत्यांना आमचे सांगणे आहे. आपल्या इमारतीत येणाऱ्या केबलीची पेटी कोठे आहे ते एकदा पाहून या. ती तळमजल्याच्या मीटरखोलीत असेल, तर २००५ साली पाणी कोठवर आले होते हे जुन्या रहिवाशांना विचारा आणि पेटी त्या खुणेच्या वर चढवा. तिला पंपाच्या आणि जिन्याच्या दिव्यांच्या मीटरवरून वेगळी, पक्क्या सांध्यांची जोडणी द्या. पेटीला एक बॅटरी द्या, आणि सहा महिन्यांनी मुख्य कळ मुद्दाम बंद करून ती खरोखर किती वेळ तग धरते ते घड्याळ लावून मोजा. पेटीशेजारी दोरीने बांधलेली एक वही ठेवा. जाळे केव्हा गेले, केव्हा आले, कोण कारागीर आला, त्याने काय पाहिले, हे तीत लिहा. कंपनीशी करार करताना दोष शोधायला त्या कारागिराला पुरेसा वेळ मिळेल असे एक कलम मागा. आणि आपल्या चाळीत, आपल्या सोसायटीत एखादा निवृत्त लाइनमन, जॉइंटर किंवा बॅटरी खोलीतला माणूस राहत असेल, तर त्याला एका संध्याकाळी बोलते करा आणि तो जे सांगेल ते उतरवून घ्या.

मुंबईच्या टेलिफोनचा इतिहास सरकारी अहवालांत सापडतो; किती जोडण्या दिल्या, किती खर्च झाला, कोणत्या मंत्र्याने उद्घाटन केले. पण तो फोन पावसात का चालला आणि पावसात का बंद पडला, हे पाळीच्या वहीत लिहिलेले होते. त्यांतल्या बहुतेक वह्या केव्हाच रद्दीत गेल्या असतील. पुढची वही आपल्या हाती आहे.